पहिल्या नगावरचा शिक्का

बाबा मे महिन्यात गेले आणि पितृपक्षात पुन्हा कामावर येऊ लागले. हे मी आजवर आईशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. ऐकणारा एकतर हसला असता, नाहीतर त्यानं मला एखाद्या मांत्रिकाचा पत्ता दिला असता. मी विज्ञानाची पदवी घेतलेली बाई आहे, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरीही ते तसंच घडलं, म्हणून तसंच सांगते.

विसावं शतक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. वर्ध्याच्या एमआयडीसीत टर्बाइनची पाती घडवणारा एक कारखाना होता. खास पोलादाचा तुकडा भट्टीत पिवळाधमक तापवायचा, सांडशीनं धरून दोन साच्यांच्या मध्ये ठेवायचा आणि वरून हवेच्या दाबावर चालणारा हॅमर आदळायचा. चार-सहा घावांत त्या ओबडधोबड तुकड्याचं वळण घेतलेलं पातं होई. साच्यांना तिथे डाय म्हणत. ही पाती पुढे मोठ्या कारखान्यांत जात, तिथे घासून-पुसून टर्बाइनमध्ये बसत आणि वाफेच्या जोरावर गरगर फिरून वीज तयार करत. आमच्या गल्लीतली लाइट मात्र रोज जायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बाबा हॅमरवरचे मुख्य कारागीर होते. मूळचं घर रोहणा गावचं, शेतकऱ्याचं. शेतकऱ्याच्या पोरानं विळा वापरावा, घडवत बसू नये, असं माझे आजोबा म्हणायचे. बाबांनी ऐकलं नाही. खरं तर पुढे पुढे त्यांना कोणाचंच ऐकू येत नसे. हॅमरवरची सगळीच माणसं अर्धी बहिरी होती. कामावर ती हातांच्या खुणांनी बोलत आणि घरी आल्यावर ओरडून. आमच्या घरी आज वांग्याची भाजी आहे की नाही, हे आमच्या आधी कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याला कळायचं.

प्रत्येक मुख्य कारागिराचा स्वतःचा शिक्का असे. बोटाएवढी पोलादी कांडी, तिच्या टोकाला खूण कोरलेली. पातं गरम असतानाच त्याच्या बुडाशी ती ठोकायची, म्हणजे पुढे काही खोट निघाली तर नग कोणाच्या हातचा हे कळावं. बाबांची खूण म्हणजे त्रिकोण आणि त्याच्या मधोमध ठिपका. आई म्हणायची, तीन दगडांची चूल आन मधात विस्तव. बुडाचा तो भाग पुढच्या कारखान्यात कापून टाकत, त्यामुळे कुठल्याच टर्बाइनवर बाबांची खूण गेली नाही. त्यांचं जे काही नाव होतं ते आमच्या कारखान्याच्या चार भिंतींत होतं. तिथे ते फार मोठं होतं. त्रिकोण-ठिपका असला की तपासणीवाले पातं नुसतं उलटसुलट करून पुढे सरकवत, असं म्हणत.

याचं गुपित काही मोठं नव्हतं. पाळीच्या सुरुवातीला डाय थंड असतात. थंड डायवर गरम लोखंड नीट पसरत नाही, स्वतःवरच दुमडतं आणि आत केसाएवढी घडी राहते. म्हणून बाबा आधी दोन्ही डायच्या मध्ये लालभडक ठोकळे ठेवून त्या शेकून घेत. त्याला वेळ लागे. साहेब लोक घड्याळ बघू लागले की बाबा ओरडून सांगत, "थांबा न साहेब, डायले चहा पाजून राह्यलो!" त्यानंतरही पहिल्या एक-दोन नगांवर ते शिक्का ठोकत नसत, ते सरळ भंगारात टाकत.

बाबा गेले ते सुट्टीच्या दिवशी, घरी, कूलरसमोर खुर्चीत बसून. मी पाणी द्यायला गेले तर मान एका बाजूला कललेली. कूलरचा एवढा आवाज होता की आईला मी मारलेली हाक ऐकू गेली नाही. पाणी भरून भरून कूलर चालवायचा आमचा तो उन्हाळा तिथेच थांबला.

कारखान्यानं मला नोकरी दिली, तपासणी विभागात. त्या विभागाच्या टोकाला एक अंधारखोली होती आणि तीच माझी जागा. पातं चुंबकाच्या यंत्रावर ठेवायचं, त्यावर बारीक भुकटी मिसळलेलं पाणी ओतायचं, दार लावून साधा दिवा घालवायचा आणि जांभळा दिवा लावायचा. जिथे चीर किंवा घडी असेल तिथे ती भुकटी जमून हिरवी चमकते. डोळ्याला उजेडात जे दिसत नाही, ते अंधारात दिसतं. चीर सापडली की पात्यावर लाल रंगाचा पट्टा मारायचा आणि मागच्या दारानं भंगाराच्या ढिगात टाकायचं. कारागिराच्या शिक्क्याचे खळगेही तसेच हिरवे चमकत. पहिल्या दिवसापासून मी बाकीच्यांच्या खुणा वाचायला शिकले. बाबांची दिसणार नाही हे ठाऊक होतं. जुना माल केव्हाच निघून गेला होता.

पितृपक्ष लागला त्या आठवड्यात मी एक पातं यंत्रावर ठेवलं, दिवा घालवला, आणि बुडाशी त्रिकोण-ठिपका उमटला.

मी दार उघडून पातं उजेडात आणलं. खडूनं लिहिलेला मालाचा नंबर नवा होता, ते पोलाद कारखान्यात आलंच होतं पोळ्यानंतर. मी परत आत गेले, दार लावलं आणि ती खूण बघत बसले. मला भीती वाटली नाही. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. पात्यात चिरेचा मागमूस नव्हता. बाबांचं काम होतं तसंच स्वच्छ काम होतं ते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एक आलं. तिसऱ्या दिवशीही. रोजच्या ढिगात एकच, पण यायचंच. कोणाला विचारावं असं मला वाटलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला ते नको होतं. अंधारखोलीत मी त्या खुणेशी हळू आवाजात बोलायला लागले. जिवंतपणी बाबांशी हळू बोलून कधी भागलंच नव्हतं. आईच्या गुडघ्याचं दुखणं, घरमालकाची कटकट, माझ्यासाठी आलेलं स्थळ आणि त्या मुलाचं विचित्र हसणं, सगळं सांगायची. बाहेर पुढची पाती साठत राहायची आणि साहेब दारावर टकटक करायचे.

आईला सांगितलं तेव्हा वाटलं होतं, ती रडेल किंवा रागावेल. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग डबा काऊन नाई नेत?"

मला हसू आलं आणि लगेच अंगावर काटा आला. त्यानंतर रोज संध्याकाळी मी चप्पल काढत असतानाच ती विचारायची, "आले होते का?" मी म्हणायची, "आलते." एवढं ऐकलं की ती कामाला लागायची. तिनं त्यांचा टॉवेल दोरीवरून काढला नव्हता. तो धुऊन परत तिथेच टाकायची.

दिवाळी झाली आणि थंडी पडली. वर्ध्याचा उन्हाळा जसा जीव घेतो, तशी आमच्याकडची थंडीही सकाळी हाडात शिरते. त्याच थंडीत एका सकाळी मी जांभळा दिवा लावला आणि त्रिकोणाच्या शेजारून निघालेली एक बारीक हिरवी रेघ दिसली. वाकडी, केसाएवढी, पात्याच्या कण्यापर्यंत गेलेली.

मी पातं पुसून पुन्हा पाणी ओतलं. रेघ तिथेच. असलं पातं टर्बाइनमध्ये बसलं तर मिनिटाला हजारो फेरे मारताना कधीतरी तुटतं आणि शेजारच्या सगळ्यांना घेऊन जातं. सोडून देण्याचा प्रश्नच नव्हता. मी ब्रश उचलला आणि बाबांच्या खुणेवरून लाल पट्टा ओढला. खरं सांगायचं तर मला बाबांचाच राग आला. म्हटलं, बाबा, हे काय करून राह्यले तुम्ही? जन्मभर नाव राखलं आणि आता?

मग तशीच येत गेली. एखादं चांगलं निघे, पण बहुतेकांत घडी. मी एकेकावर लाल पट्टा मारायची आणि मागच्या दारानं टाकायची. हॅमरकडे आमच्याकडून फक्त पाळीचा एकूण आकडा जायचा. कोणाच्या शिक्क्याचे किती नग बाद, हे तिकडे कोणी सांगत नसे. हॅमरची माणसं तपासणीत येत नसत आणि भंगाराचा ढीग त्यांच्या वाटेवर नव्हता. संध्याकाळी आई विचारायची, "आले होते का?" मी "आलते" म्हणायची आणि सरळ मोरीत जाऊन तोंड धुवायची. पाती कशी निघाली हे तिनं विचारलं नाही. बाबांचं पातं वाईट निघू शकतं हे तिच्या डोक्यातच आलं नसावं.

अशात माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचा निरीक्षक आला. उंच, सडपातळ, स्वेटर घातलेला माणूस. तो चांगल्या मालाकडे ढुंकूनही न बघता सरळ मागच्या दारानं भंगाराकडे गेला. तो आपल्या कामात हुशार होता, हे मान्य करावंच लागेल. त्यानं लाल पट्ट्याची पाती उचलायला लावली आणि आत आणून जमिनीवर ओळीनं मांडली. इतर खुणा इकडे-तिकडे एखाददुसऱ्या होत्या. बाकी सगळी ओळ त्रिकोण-ठिपक्याची.

"ये मार्क किसका है?" त्यानं विचारलं.

आमच्या साहेबांना ती खूण ओळखू आली होती, त्यांचा चेहराच सांगत होता. मेलेल्या माणसाचा शिक्का नव्या मालावर, म्हणजे खोटी खूण. या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. एक खूण खोटी असेल तर सगळ्याच खोट्या असतील, असं म्हणून ती कंपनी ऑर्डर काढून घेऊ शकत होती. मग हॅमरवरच्या सगळ्यांच्या चुली बंद. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली.

"हॅमर की पूरी टोली को बुलाओ," निरीक्षक म्हणाला. "और इस आदमी को हॅमर से हटाओ. इसको काम नहीं आता."

इसको काम नहीं आता. माझ्या कानशिलात कोणीतरी सणसणीत लगावावी तसं झालं. मी ठरवून टाकलं की बोलायचं. टोली आली की सगळ्यांसमोर सांगायचं, हा माणूस मे महिन्यातच वारला आहे, यातलं एकही पातं त्यानं बनवलेलं नाही. ऑर्डर जावो नाहीतर हॅमर गंजून जावो. मला माझ्या बापाचं नाव हवं होतं. मी काही संत नाही.

टोली आली. सगळ्यांच्या पुढे काका होते. काका म्हणजे बाबांचे जोडीदार. बाबा सांडशी धरत तेव्हा हे हॅमरचा दांडा चालवत. अल्लीपूरहून रोज एसटीनं येत. बाबांनंतर सांडशी त्यांच्या हातात आली होती. त्यांनी तपासणी विभागात पहिल्यांदाच पाय ठेवला आणि जमिनीवरची ओळ बघितली. आधी त्यांना काही कळलं नाही. मग ते वाकले, एक पातं उचललं आणि लाल पट्ट्याखालच्या खुणेवरून अंगठा फिरवला. त्यांनी मला हातानं खूण केली, पंजा उलटा करून. हॅमरवर त्याचा अर्थ, काय झालं?

निरीक्षकालाच चूक दाखवायची हौस. त्यानं ते पातं घेतलं आणि काकांना, साहेबांना, मला अंधारखोलीत नेलं. त्या एवढ्याशा खोलीत आम्ही चौघं दाटीवाटीनं उभे राहिलो. मी पाणी ओतलं. दिवा घालवला. अंधारात त्रिकोण पेटला, मधला ठिपका पेटला, आणि शेजारून ती रेघ. काकांचा श्वास मला ऐकू येत होता. निरीक्षक मोठ्यानं म्हणाला, "देखो. ठंडी डाय पे मारा है. पहला पहला पीस होगा. ये किसका मार्क है?"

त्यातलं काकांना किती ऐकू गेलं कोण जाणे. पण निरीक्षकाचं बोट त्या हिरव्या उजेडात खुणेवर टेकलेलं होतं. मी तोंड उघडलं. माझ्या आधी काका बोलले, नेहमीसारखे ओरडून नाही, घोगऱ्या आवाजात.

"माहा हाये साहेब. शिक्का माहा हाये."

साहेबांनी दिवा लावला. निरीक्षकानं काकांकडे बघितलं, मान हलवली आणि बाहेर गेला. त्याला हवा होता तो माणूस मिळाला होता, आणि खूण जिवंत माणसाची ठरल्यानं ऑर्डरही टिकली. त्या दिवसापासून काकांना हॅमरवरून काढून मागच्या शेडमध्ये करवतीवर लावलं, पोलादाचे गज कापायला. त्यांच्याकडे राहिलेली बाबांची पोलादी कांडी ऑफिसात जमा झाली आणि तिथे ती मोडून टाकली.

त्याच दिवशी जाताना काका पायरीवर थांबले होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, तेही ओरडून, आजूबाजूला कोणी आहे का हे न बघता. "पितृपक्षात भाऊले काहीतरी द्यावं असं वाटलं बेटा. घरी पहिलं पान पितराचं असते न? मंग म्हटलं भट्टीतला पहिला नग भाऊचा. पितृपक्ष सरला तं बंद कराले मन झालं नाई. पहिलाच द्यायचा, मंग आम्ही आमचे करत जायचो." ते थांबले. "हॅमरवरच्या नव्या साहेबानं डाय शेकाचा टाइम काढून टाकला. पहिला नग थंड्या डायवर पडते, हे मले ठाऊक नाई का? पण मनात त्याचा विचारच कधी आला नाई. देवाले दिलेला नारळ कोणी हलवून पाह्यते का?"

अशी ती गोष्ट. बाबा ज्या नगावर शिक्का ठोकत नव्हते, नेमका तोच नग त्यांच्या सगळ्यात जवळच्या माणसानं रोज त्यांच्या नावावर केला होता. प्रेमानं. दिवाळीपर्यंतच्या उबेत ते निभावून गेलं. थंडीनं ते उघडं पाडलं. मला काकांवर रागावता येईना आणि न रागावताही राहवेना. बाबांचं नाव वाचलं होतं, पण त्यासाठी दुसऱ्याचं गेलं होतं, आणि मी हे सांगू कोणाला?

त्या संध्याकाळी आईनं विचारलं, "आले होते का?" मी काहीच बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवसापासून तिनं विचारणं सोडलं आणि ते जास्त वाईट होतं. ती मला डाळ वाढताना माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी काका घरी आले. अल्लीपूरहून मुद्दाम एसटी धरून, पिशवीत घरच्या शेतातली तूर घेऊन. ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि आईसमोर हात जोडले.

"वैनी, म्या भाऊचं नाव खराब केलं. मले माफ करजा."

मग त्यांनी आईला सगळं सांगितलं. शिक्का कोणी ठोकला, काऊन ठोकला, पाती कशी बाद होत गेली. आई डोक्यावरचा पदर धरून ऐकत होती. इतके महिने तिचा नवरा कामावर जात होता आणि आता हा माणूस म्हणत होता की तो जात नव्हता. मला वाटलं, ती उठून आत जाईल. मला वाटलं, आता हिला सावरायचं कसं. ती उठली नाही. हळू आवाजात म्हणाली,

"तुमचं काई चुकलं नाई भाऊजी. पण ते मेले. मेलेल्या माणसाले कामाले नोका लावू. थकले होते ते."

काकांना ऐकू आलं नाही. ते कानाशी हात धरून माझ्याकडे वळले. "काय म्हणते वैनी?"

आई मान खाली घालून बसली. आता ती ते पुन्हा म्हणणार नव्हती. बाबा गेल्यापासून मी लोकांना सांगताना 'बाबा नाहीत' म्हणत असे, 'वारले' म्हणत असे, अंधारात त्यांच्याशी गप्पा मारत असे. तो दुसरा शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. काका वाट बघत होते. त्यांना माफी मिळाली की नाही हे त्यांना अजून कळलं नव्हतं.

"बाबा मेले काका!" मी ओरडले. नुसतं एवढ्यानं भागणार नव्हतं, म्हणून पुन्हा, अजून जोरात, सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात ओरडले, "बाबा मेले! आई म्हणते, ते थकले होते! त्यायले आता कामाले नोका लावू!"

शेजारच्या घराची खिडकी उघडली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. काकांनी मान हलवली, एकदा आईकडे बघून, एकदा माझ्याकडे बघून.

"हो बेटा," ते म्हणाले. "नाई लावत."